शेवटच्या पानावरचे सात श्वास

मी, सिद्धेश्वर ऊर्फ सिद्धू जोतिबा कणसे, वय वर्षे बावीस, मूळ राहणार पाटण, सध्या मुक्काम सांगली, अभियांत्रिकी पदविका दुसऱ्या वर्षी सोडलेला, हे मृत्युपत्र आज भर दुपारी स्वतःच्या हातानं लिहीत आहे. मी प्यायलेलो नाही. डोकं ठिकाणावर आहे. गेल्या सहा महिन्यांत असा हा पहिलाच दिवस असेल. कोणी दमदाटी करून लिहून घेतलेलं नाही. दमदाटी व्हायची ती उद्या होईल.

मी जीव द्यायला निघालेलो नाही, हेही नमूद करतो. उद्या सकाळी साताऱ्यात कोयना ब्रास बँडच्या तालमीच्या खोलीपुढं टेम्पो लागेल. बँडची पोरं त्यातून आष्ट्याला जाणार आहेत, तिथल्या बँडचा मालक मानसिंग पवार याची बोटं मोडायला. मी टेम्पोच्या तोंडाशी उभा राहून हा कागद मोठ्यानं वाचणार आहे. त्या पोरांचे हात मला माहीत आहेत. म्हणून आधी वाटणी करून ठेवतो.

कलम १. माझी सायकल आई श्रीमती साळूबाई हिला. तिनं ती विकावी. जुनी चेन मात्र कोणाला देऊ नये. ती मी दोन वेळा सायकलीशिवाय वापरली आहे. विहिरीत टाकावी.

कलम २. माझ्याकडचा ड्राफ्टर, रेघा आखायचं यंत्र, कॉलेजातल्या त्या सरांना परत द्यावा, ज्यांची कॉलर धरून मी कॉलेज सोडलं. तो त्यांचाच आहे. माझ्या वतीनं माफी मागू नये. अख्ख्या वर्गापुढं ते माझ्या बोलण्याची नक्कल करत होते, "सर, आमी काय केलं न्हाई." ते आजही माझ्या कानात आहे.

कलम ३. कॉर्नेटचं, म्हणजे बँडमधल्या आखूड ट्रम्पेटचं, ओठ लावायचं पितळी मुखपट्ट, फडक्यात गुंडाळलेलं, हे आकाराम मास्तरांना परत. हे मास्तर म्हणजे कोयना बँडचे मालक, फौजेच्या बँडमध्ये तीस वर्षं काढून आलेले. कॉलेज सुटल्यावर मी सांगलीत सुमंत आपटे यांच्या छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायला लागलो. लग्नपत्रिका, हँडबिलं. एक दिवस मास्तर वह्यांचा गठ्ठा घेऊन आले. म्हणाले, "पोरा, ह्यात सुरांचं लिखाण जमतं का रं?" सुमंतरावांनी पुण्याहून तसलं सॉफ्टवेअर आणलं आणि मी दोन महिन्यांत शिकलो. मास्तर गुणगुणायचे, मी मांडायचो.

त्या सॉफ्टवेअरमध्ये श्वास कुठं घ्यायचा त्याची खूण असते, एवढासा स्वल्पविराम. उन्हात मास्तरांना ती दिसेना. पण प्रत्येक खूण उघडून तिचे ठिपके आपल्याला हवे तसे मांडता येतात. मास्तरांच्या मुलीनं, अबोलीनं, चौकटीच्या कागदावर एक खूण काढून दिली, विळ्यासारखी. म्हणाली, "असा जाड कर, की दादांना गॉगल लावूनपण दिसला पायजे." दादा म्हणजे मास्तरच. मी ठिपका ठिपका जोडून तो विळा केला. असा आनंद मला कॉलेजात कधी झाला नव्हता. त्या दिवशी झाला. मास्तरांनी हे मुखपट्ट दिलं ते तेव्हा.

कलम ४. अबोलीला मी काहीही ठेवत नाही. तिनं मला कधी शब्द दिला नव्हता. मी साताऱ्यात आणि सांगलीत उलटं सांगत फिरलो, ते खोटं होतं. ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून ऐकलं त्यांनी ते पुसून टाकावं. तिची सुपारी फुटली आहे बँडमध्ये पहिला कॉर्नेट वाजवणाऱ्या ऋषिराजशी. चौकटीचा तो कागद माझ्या खिशात असेल. रक्तानं खराब झाला नसेल तर तिचा तिला द्यावा.

कलम ५. निळी फ्लॉपी, वर "मार्च, मे ९७" असं लिहिलेली. मार्च म्हणजे महिना नव्हे, बँडची कूच करायची धून. हे कलम पोरांनी मला न थांबवता ऐकावं. पुढचं पुढं.

यात्रेत दोन बँड समोरासमोर उभे करतात. ज्याचा सूर आधी तुटेल तो हरला. म्हणून मास्तरांच्या मार्चचं शेवटचं पान मी असं मांडलं की पाऊण मिनिट फक्त दोन कॉर्नेट. एक श्वास घेतो तेव्हा दुसरा सूर धरतो. पहिल्या कॉर्नेटला सात श्वास, सात विळे. मास्तरांचा फौजेतला नियम सगळ्यांना ठाऊक आहे, कागदाबाहेर श्वास घ्यायचा नाही. भलत्या ठिकाणी घेतला आणि नेमका तिथंच दुसऱ्यानं घेतला, तर सूर गेला.

शुक्रवारी ऋषिराज दुकानात पानं न्यायला आला आणि हसत म्हणाला, "सिद्धू, पत्रिका बी तूच छाप गड्या, आमची." मी हो म्हणालो. तो चहाला गेला. मी विळ्याची खूण उघडली आणि तिचे सगळे ठिपके पुसले. एका जागी पुसलं की छापताना सगळीकडून जातं. पहिल्या कॉर्नेटचं तेवढं शेवटचं पान छापलं, मग ठिपके परत मांडले. मला तो यात्रेत गुदमरायला हवा होता, अबोलीच्या देखत. बास, एवढंच हवं होतं.

तरी पोट भरलं नाही. शनिवारी साताऱ्यात स्टँडच्या मागं मी त्याला गाठला. तो म्हणाला, "काय रं, काय झालं?" मी हात उचलला. दोन ठोसे तोंडावर. ओठ आरपार फाटला, दात माझ्या बोटाच्या सांध्यात रुतला. ती खूण अजून आहे. फाटक्या ओठानं कॉर्नेट वाजत नाही. हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आणि त्यानं घरी काय सांगितलं? सायकलवरनं पडलो.

रविवारी यात्रेत त्याच्या जागी मास्तर उभे राहिले. वय एकसष्ट. ऋषिराजचा कॉर्नेट, ऋषिराजची पानं. मी ढोलाच्या मागं होतो. शेवटचं पान लागलं आणि मास्तरांनी सूर धरला तो सोडलाच नाही. गर्दी ओरडायला लागली. मला वाटलं, म्हातारा आज पेटलाय. मान फुगली, डोळे लाल झाले, कपाळाची शीर दोरीसारखी वर आली. समोर मानसिंगनं स्वतःचं वाजवणं थांबवलं. त्याच्या बँडचा सूर आधी तुटला. आपण जिंकलो. आणि मास्तर तोंडावर पडले, कॉर्नेट खाली घेऊन. दोन दात तिथंच मातीत.

कोणीतरी ओरडलं, "मानसिंगनं विड्यातनं घातलं काय तरी!" पहिला मी धावलो. त्यांच्या माणसाच्या हातातली झांज हिसकली आणि मानसिंगच्या कानावर आडवी मारली. तो हात जोडून म्हणत होता, "आवं, त्यास्नी बघा आधी, मला काय मारताय!" मी परत मारली. कानातून रक्त आलं तरी मारली. त्याच्या ढोलवाल्याचं गळ्याचं हाड आपल्या पोरांनी लाकडी स्टँडनं मोडलं.

नंतर पायाखालची पानं गोळा करताना शेवटचं पान माझ्या हातात आलं. एकही विळा नाही. मी ते तिथंच फाडून खाल्लं. होय, खाल्लं.

मास्तरांचं उजवं अंग गेलं आहे. ओठ मिटत नाही. बुधवारी इस्पितळाच्या व्हरांड्यात अबोली मला म्हणाली, "दादा सारखं तेच म्हणत्यात. कागद बरोबर हाय, सिद्धूनं मांडलाय. माझाच दम कमी पडला." त्यावर मी म्हणालो, चहा आणू का. गेले चार दिवस मी एवढंच बोललो आहे.

फ्लॉपी उघडाल तर त्यात सातही विळे जागच्या जागी दिसतील. ती मला निर्दोष ठरवेल. म्हणून सुमंतरावांनी सगळ्यांसमोर ते पान दोनदा छापावं. एकदा खूण पुसून, एकदा भरून. मग विश्वास बसेल. फ्लॉपी त्यानंतर मास्तरांची.

कलम ६. मानसिंग पवारांचा कान मी फोडला, त्याच्या बदल्यात देण्यासारखा कान माझ्याकडं नाही. हा कागद त्यांना द्यावा. पोलिसांत लावायचा तर लावावा, माझी हरकत नाही. टेम्पो आष्ट्याला जाणार असेल तर पोरांनी झांज परत करायला जावं. ती त्यांचीच आहे, मी त्यांच्याच माणसाच्या हातातून हिसकली होती.

कलम ७. मी मेलो तर कलम एक ते सहा लागू. जगलो तरी पाच आणि सहा लागूच. मारणाऱ्यांवर केस करू नये, हे आईनं ऐकावं. तिनं आरडाओरडा करावा, तो हक्क तिचा आहे. पण केस नाही.

याची अंमलबजावणी श्री. सुमंत आपटे यांनी करावी. त्यांनी मला तीन वेळा कामावरून काढलं आणि चौथ्यांदा स्वतः बोलवायला आले.

साक्षीदारांनी फक्त सही बघायची असते, मजकूर वाचायचा नसतो, असं सुमंतराव म्हणाले. ऋषिराजला मी मुद्दाम बोलावलं आणि सही करायच्या आधी पूर्ण वाचायला दिलं. तो टाक्यांमुळं बोलत नाही. वाचून झालं आहे. आता पेन मागतो आहे.

ठिकाण : सांगली
दिनांक : २२ मे १९९७, गुरुवार

लिहून ठेवणार : सिद्धेश्वर जोतिबा कणसे (सही)

साक्षीदार १ : सुमंत अनंत आपटे (सही)

साक्षीदार २ : ऋषिराज मोहिते (सही)
सगळं वाचलं. उद्या पहिला हात माझा, तोंडावर, दोन. त्यानंतर तुला कोण हात लावतो ते मी बघतो. चौकटीचा कागद आत्ताच दे, खिशात ठेवू नको. आणि इथनं उठायच्या आधी ते पान छाप. सात विळ्यांचं. मास्तरांना आज संध्याकाळी दाखवायचंय, त्यांचा दम कमी पडला नव्हता म्हणून.