लाकडी जमिनीला कोरा चहा

डोणगाव, ता. मेहकर
रविवार, सकाळचे अकरा

प्रिय मंजुश्री,

तुझ्या थोरल्या नणंदेचा तुला मनापासून जय भीम.

वीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या तिसऱ्या दिवशी, तू आमच्या अंगणात शेणाच्या बादलीसमोर उभी राहून म्हणाली होतीस, "ताई, मला सारवता येत नाही." गेले आठ दिवस हे वाक्य माझ्या डोक्यात सारखं फिरतं आहे. का, ते पुढे येईलच. (म्हणजे यावं अशी इच्छा आहे. शाळेत मी मुलांना पत्रलेखन शिकवते, त्यात मुद्दा दुसऱ्या परिच्छेदात आला पाहिजे असं सांगते, आणि स्वतः लिहायला बसले की मुद्दा कुठे गेला ते मलाच सापडत नाही.) आधी ख्यालीखुशाली. तुझी मान कशी आहे? दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतेस, मधून मधून उठत जा. प्रसेनजितची पित्ताची गोळी सुटली का? आणि आईचा गुडघा खरंच किती वाकतो, ते तू मोजून कळव. मी विचारलं की ती "वाकते माय, वाकते" एवढंच म्हणते. आपल्या आईला सगळंच वाकतं.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोन केला की तू स्पीकर लावतेस, शेजारी आई बसलेली असते, आणि मोबाईलवर लिहून पाठवलं तर ते प्रसेनजित वाचतो. हे त्या दोघांना कळायला नको आहे. निदान येत्या पंधरा दिवसांत तरी.

विषय आईच्या खोलीतल्या जमिनीचा आहे. जानेवारीत आई त्या खोलीतल्या गुळगुळीत फरशीवरून घसरली, गुडघा मोडला, ऑपरेशनसाठी तुम्ही तिला पुण्याला नेलं. मग तू पुण्याहून माणसं पाठवून तिथे सागवानी पट्ट्यांची जमीन करून घेतलीस, पाय घसरू नये, गार लागू नये म्हणून. जमीन फार देखणी झाली. गावातली निम्मी माणसं येऊन बघून गेली आणि सगळ्यांनी चपला घराच्या फाटकातच काढल्या, जसं काही आतमध्ये विहारच आहे. आणि प्रसेनजित फोनवर म्हणाला, "ताई, ही जमीन तुझ्याच्यानं नीट राहिली तर आई पुढच्या महिन्यात तिकडे. नाही तर ती इथेच राहू दे." तो या महिन्याच्या शेवटच्या रविवारी बघायला येणार आहे. तेव्हा मंजुश्री, तुझ्या लक्षात येईल की मी सध्या जमीन पुसत नाही, परीक्षा देते आहे.

तू पाठवलेली यादी मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावली. रासायनिक काही नको, घरातलंच नैसर्गिक वापरा: पाण्यात थोडं व्हिनेगर, नाही तर कोरा चहा, नाही तर लिंबू आणि तेल, कापड घट्ट पिळून. सगळं समजलं. फक्त "थोडं" म्हणजे किती ते समजलं नाही, आणि व्हिनेगर घरातलं कसं तेही समजलं नाही, कारण आमच्या घरात ते कधी नव्हतं. शेवटी बसस्टँडजवळच्या मंच्युरियनच्या गाडीवरून एक बाटली मागून आणली. त्यात हिरव्या मिरच्यांचे तुकडे तरंगत होते. मला वाटलं असतीलच, नैसर्गिक आहे. पुसून घेतलं. संध्याकाळी शेजारची झुंबरबाई दारातून डोकावली आणि नाक वर करून म्हणाली, "काऊन वो म्याडम, आज चायनीज केलं काय? येक वाटी धाडा ना इकडं."

तो वास जावा म्हणून दुसऱ्या दिवशी यादीतला दुसरा उपाय केला. मोठ्या पातेल्यात कोरा चहा उकळला, गार केला, कापड अगदी दम लागेपर्यंत पिळलं, सगळी खोली पुसली. लाकडाला असा रंग चढला की मी दारात उभी राहून बघतच राहिले. सकाळी बघते तर खोलीभर मुंग्या. अगदी शिस्तीत, पट्टीच्या प्रत्येक सांधीतून एक रांग. मला काही कळेना. अर्धा तास विचार केल्यावर आठवलं की चहा उकळताना हाताने आपोआप साखर टाकली होती. (चार चमचे. आणि आलं. आयुष्यभर हा हात चहा प्यायला करतो आहे, तो जमिनीसाठी आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.)

मुंग्यांना हळद चालत नाही हे तुलाही माहीत असेल. मी प्रत्येक सांधीत हळद भरली. मुंग्या गेल्या. हळद गेली नाही. खोली अशी पिवळी झाली की आता तिला मांडवात बसवायचं तेवढं बाकी होतं. तेव्हा मात्र मी घाबरले आणि उकंडराव मिस्त्रींना बोलावलं. ते शेतीच्या तिफणी आणि वखर करणारे जुने सुतार, त्यांना लाकडातलं कळतं. ते खाली बसले, पट्टीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "बाई, लाकडावर मानूस बसते, झोपते, शेवटी त्याच्यावर जळतेही. पन लाकडावर चालते, हे मी पयल्यांदा पाहून राह्यलो." मग म्हणाले, जवसाचं तेल पाजा, रंग परत येईल. मी विचारलं, लाकूड किती पिईल? म्हणाले, "पेईन तितकं."

आता बघ, तुझं "थोडं" आणि त्यांचं "पेईन तितकं", या दोहोंच्या मध्ये कुठेतरी खरं उत्तर असणार. मी मिस्त्रींचं ऐकलं. लाकूड आधी प्यायलं, मग थांबलं, मी थांबले नाही. तीन दिवस मी त्या खोलीत भिंत धरून चालले. एक मांजर खिडकीतून उडी मारून आत आली ती उभ्या उभ्या पलीकडच्या दारातून बाहेर गेली. पाय हलवले नाहीत तिने. तिच्या चेहऱ्यावर जे होतं तेच माझ्या मनात होतं. ती गेल्यावर मला हसू आलं आणि लगेच आईचा गुडघा डोळ्यांसमोर आला, मग मी उंबऱ्यावर बसून राहिले. ज्या घसरण्यामुळे ही जमीन आली, ते घसरणं मी पुन्हा बाटलीतून ओतून ठेवलं होतं.

तेव्हा आईलाच विचारलं. (तुला आठवत असेल, मंगळवारी फोनवर मी सहज म्हणून विचारलं होतं की लाकडी पाटाला तेल लागलं तर काय करायचं. पाटाचंच विचारलं, जमिनीचं नाही.) आई म्हणाली, "राख टाक अन् काथ्यानं घास. लाकडाले काय होते माय, लाकूड का पोरगी हाय सासरी चाललेली?" मी घासलं. दोन दिवस घासलं. तेल गेलं, हळद गेली, आणि पुण्याच्या माणसांनी चढवलेली ती चकाकीही सगळी गेली. उरलं ते करडं, ओरखडे पडलेलं, एखाद्या जुन्या फळीसारखं काहीतरी.

त्यानंतर परवा शुक्रवारी ती खोली सारवली गेली.

होय, शेणाने. कशी आणि का, ते मला नीट सांगता येणार नाही. झुंबरबाईचा यात हात आहे एवढं नक्की, कारण शेण तिच्या म्हशीचं होतं. ती भोळी बाई आहे, तिला वाटलं असेल की जमीन खराब झाली की सारवायची असते. काल उकंडरावांनी येऊन ओलं होतं तोवर सगळं खरवडून काढलं, खिडक्या उघड्या ठेवायला सांगितल्या. दारातल्या दोन पट्ट्या पापडासारख्या फुगून वर आल्या आहेत. ते म्हणतात वाळल्यावर बसतील. मग हळूच म्हणतात, "बसल्या तर."

बाकी सगळं क्षेम. शाळा ठीक चालू आहे. तुझ्या उत्तराची वाट बघते.

तुझी,
धम्मशीलाताई

ता.क. प्रसेनजितला यातलं काही सांगू नकोस. विचारलं तर ताईने यादी भिंतीला लावली आहे एवढंच सांग. ते खरं आहे.

ता.क. दुसरं. झुंबरबाईचं वर जे लिहिलं ते खोडायला हवं होतं, पण पान खराब दिसेल म्हणून ठेवते. तिने फक्त बादली दिली, आणि देताना विचारलंही, "म्याडम, लाकडावर सारवतात काय?" सारवलं मी. शाळेतून आले, त्या करड्या खोलीकडे बघितलं आणि वाटलं, आई दारात येईल आणि तिला ही खोली आपली वाटायचीच नाही. आणि माझ्या हाताला दुसरं येतं काय? कोपऱ्यापासून दारापर्यंत मागे मागे सरकत आले, बोटांच्या कमानी काढत. झाल्यावर जो वास सुटला ना मंजुश्री, पंधरा मिनिटं मी अगदी सुखात होते. आई आतून हाक मारेल असं वाटत होतं. मग एक पट्टी कट्‌ करून वाजली.

ता.क. तिसरं, आणि हे शेवटचं. त्या दिवशी तू म्हणालीस की सारवता येत नाही, तेव्हा मी हसले होते. तुझ्या हातातून बादली घेतली, दोन मिनिटांत अंगण सारवून दाखवलं, आणि नंतर वर्षभर ती गोष्ट शाळेत, गल्लीत, पाव्हण्यारावळ्यांत सांगत सुटले. तुला शिकवलं मात्र नाही. तू त्यानंतर या घरात कधी दोन दिवसांच्या वर राहिली नाहीस. मी म्हणायची, शहरातल्या मुलींना सवय नसते. आता ती यादी समोर घेऊन उभी राहते तेव्हा वाटतं, त्या बादलीसमोर तुला असंच वाटलं असेल.

तुला सुट्टी नाही, तुझी मान दुखते, आणि तू नाही म्हणशील हे मी पत्र लिहायला घेतलं तेव्हाच मला माहीत होतं. तरी विचारते. प्रसेनजित यायच्या आधी, आईला सोबत घेऊन (तिला कळलं तर आता कळू दे), आठ दिवसांसाठी ये. कोणी हसणार नाही. मंजुश्री, मला लाकूड पुसता येत नाही. शिकवायला येशील?