आत्याच्या हिऱ्यातला ठिपका

४ मार्च
लेझरने खनिज ओळखायचं मशीन दुरुस्त होऊन आलं. नीट चालतंय का बघायला एखादा हिरा हवा. प्रयोगशाळेतला हिरा कपाटात, किल्ली मॅडमकडे, मॅडम सुटीवर! शेवटी आत्याची अंगठी मागितली. "आंघोळीलासुद्धा काढत नाही मी," म्हणाली — पण साबण लावून काढून दिली. आतोबा खाणीवर ड्रिल चालवायचे, तिथेच हा हिरा त्यांना स्वस्तात मिळालेला. मळकट, आत काळपट ठिपका. सराफ "डागी माल" म्हणाला होता. आतोबांना जाऊन आता बारा वर्षं होतील.

५ मार्च
आलेखात हिऱ्याची रेष जागेवर. ठिपक्याच्या रेषा मात्र माझ्या ओळखीच्या कुठल्याच दगडाशी जुळत नाहीत. मशीन अजून बिघडलेलंच दिसतंय.

७ मार्च
मशीन ठणठणीत आहे!! मॅडम आल्या, आलेख तीनदा तपासला. रिंगवूडाइट. हे खनिज जमिनीखाली पाचसहाशे किलोमीटरवर, भयंकर दाबात बनतं. वर येता येता त्याचं दुसरंच काहीतरी होऊन जातं. हे हिऱ्याच्या पोटात कोंडलेलं राहिलं म्हणून वाचलं. शिवाय त्यात पाण्याची खूण! पण किती, ते उजेड आरपार सोडून मोजतात, त्यासाठी हिरा दोन्ही बाजूंनी घासून सपाट करावा लागेल. म्हणजे अंगठी गेलीच. "आत्यांना विचारा. गळ घालू नका," मॅडम म्हणाल्या.

८ मार्च
जेवताना विषय काढला.
"पाणी? म्हणजे थेंब दिसेल?" — आत्या.
"नाही गं. ओलंबिलं काही नाही. पाण्याचे कण दगडाच्या रचनेतच गुंतून बसलेत. खूप तापवला तर पाणी बाहेर पडेल."
"मग दगडच म्हणा की!"
बाबा ताट सरकवून उठले. "त्यांची एवढी एकच आठवण. तीही घासून टाकणार? विचारायला तरी लाज वाटायची!"
वाटली. मी ताटं उचलायला लागले. आत्या त्यांची धाकटी बहीण — बाबांचा आवाज चढला की मान खाली.

९ मार्च
बाबांनी आज चहाही स्वतःच करून घेतला.

११ मार्च
सकाळी आत्या चपला घालून दारात उभी! "चल. घासायचंय ना? पण मी समोर बसणार." बाबा आंघोळीला गेले होते — बरोब्बर वेळ साधली बाईंनी.

१५ मार्च
हिऱ्याला हिऱ्याचीच पूड लागते, काम अगदी सावकाश चाललंय. प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये हिरा घासणारे एकच कारागीर, त्यांना सगळे घासूकाका म्हणतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एकटेच राहतात, बोलणं मोजकं. आत्या रोज समोर स्टूल टाकून बसते. जाताना आता दोन डबे नेते.
आज आतून चक्क हसण्याचा आवाज! घासूकाका म्हणाले, "यांनी विचारलं, खालचं पाणी वर कसं येतं. मी म्हटलं, ज्वालामुखीतून वाफ होऊन. तर म्हणतात, म्हणजे गिझर!"

२४ मार्च
आकडा आला. ठिपक्याच्या वजनाच्या सुमारे दीड टक्का पाणी. ऐकायला किरकोळ — पण तेवढ्या खोलीवरचा सगळा थर असाच असेल, तर वरच्या समुद्रांएवढं पाणी खाली दगडात आहे! एका ठिपक्यावरून 'सगळा' म्हणता येत नाही, असं मॅडमनी बजावलं. आणि मग स्वतःच टाळ्या पिटल्या.
बाबांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता, "हं."

२९ मार्च
आत्याला घासून झालेली हिऱ्याची चकती सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. आता उजेड आरपार जातो. ठिपका निळा आहे, गर्द निळा! कितीतरी वेळ तिने डोळा हलवला नाही. "त्यांना दाखवायला हवं होतं," एवढंच म्हणाली.

१९ जून
आत्या आणि घासूकाका सकाळी रजिस्टर लग्न करून आले. बाबांना तिनेच सांगितलं, उंबऱ्यातूनच, मान वर करून: "अंगठी बोटात होती ना दादा, तोवर मला कोणी काही विचारलंच नव्हतं."