विहिरीवरची जाळी

अनिता,

मी अष्टमी गावात वेल्डिंगवाल्या रोशनकडे जातोय. जाळीचं काम कच्चं केलं म्हणून काल तू त्याला फोनवर झापलंस, ते चुकलं. सकाळी मी प्रत्येक सांधा हातोडीने वाजवून बघितला. सगळे खणखणीत आहेत. "वहिनी, वर हत्ती नाचवा," म्हणाला ते खोटं नाय. सळ्या वाकल्यात खऱ्या, पण वरच्या अंगाला. वरून भार पडला असता तर त्या खाली दबल्या असत्या.

हातोडीचे ठोके विहिरीतून परत येत होते. मी थांबलो, तरी आणखी एक आला.

रोशनला आजच दुसरी जाळी मारायला आणतो. तोवर दिशाला मागच्या दारी सोडू नको. ही चिठ्ठी वाचून चुलीत घाल. मला लिहायला त्या नातीनेच शिकवलं, माझं अक्षर तिला लगेच लागतं.

तुझा सासरा,
सखा