सहा महिन्यांची सनद

बाई, माझ्याविषयीचा गोपनीय अहवाल पाकिटात घालण्याआधी तुम्ही मला वाचून दाखवलात, त्याचा राग मी चाळीस वर्षं सांभाळला. आता तुम्ही नाही, भांडायला समोर कुणी उरलं नाही, म्हणून लिहितो आहे.

मी तेवीस वर्षांचा होतो. रेवदंड्याला तुमच्या बहिऱ्या मुलांच्या वर्गावर मला एका वर्षाच्या तात्पुरत्या सनदेवर घेतलं होतं. माझं प्रशिक्षण झालेलं नव्हतं. तुम्ही मला शिकवायचं, वर्षअखेर अहवाल द्यायचा, पोलिसांनी चालचलणुकीची चौकशी करायची आणि मग सनद वाढायची, अशी रीत होती. पहिल्याच दिवशी तुम्ही मला मिशी काढायला लावलीत. "मुलं तुमचे ओठ वाचणार मास्तर, त्यांवर हे झुडूप कशाला?" मिशी गेली, पण आवाज गेला नाही. उरणपासून अलिबागपर्यंत मिठागराच्या कामगारांच्या सभांत मी बोलत होतो, दोनदोन हजार माणसं गप्प बसवत होतो, आणि त्याच तोऱ्यात वर्गात फेऱ्या मारत, फळ्याकडे तोंड करून शिकवत होतो. मागच्या बाकावरून तुमचा शब्द यायचा, "मास्तर, तोंड इकडे. फळ्याला शिकवताय की मुलांना?"

सनद संपायला महिना उरलेला असताना हवालदार आला. तो पडवीत बसला आहे, तुम्ही दारात उभ्या आहात आणि मी आत मुलांच्या पाट्या गोळा करण्याचं निमित्त करून ऐकतो आहे.

"बाय, ह्यो मास्तर मिठागरावर भाषनं ठोकतो, खरा हाय?"

"खरं आहे."

"सरकारला शिव्या देतो म्हनं."

"देतो. पण व्याकरण सांभाळून देतो."

"दोन दिस कोठडीत पन होता."

"होता. सुटला तो सरळ वर्गावर आला. हे सगळं मला ठाऊक आहे हवालदार, मुलांबाबत काय ते विचारा."

हवालदार हसला. "पोरांचा काय विचारू बाय? ती काय बोलनार हायत?"

"म्हणूनच विचारायचं," तुम्ही म्हणालात.

तो गेल्यावर मी बाहेर येऊन तुमच्यापुढे भाषणच केलं. इंग्रज जाऊन दहा वर्षं झाली तरी माणसाच्या विचारांची झडती चालू आहे, वगैरे. तुम्ही पुरतं ऐकून घेतलंत. "विचारांची झडती असेल तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण उद्या कुणी नासका माणूस या वर्गात शिरला आणि त्याने आतून कडी लावली, तर ही मुलं घरी जाऊन काय सांगतील? कोणत्या तोंडाने सांगतील?" मला तेव्हा वाटलं, बाई भित्र्या आहेत.

त्यानंतर आठ दिवसांनी मी मुलांना खाडीच्या रस्त्याने फिरायला नेलं. मुलं पुढे होती, मी मागे संध्याकाळच्या सभेतली वाक्यं जुळवत चाललो होतो. वर्गातली कोळ्याची ती आठ वर्षांची मुलगी चिंच उचलायला रस्त्याच्या मधोमध वाकली, आणि तिच्या पाठीमागे उताराच्या गल्लीतून भरलेली बैलगाडी आली. माझ्यात आणि तिच्यात वीस पावलं होती. बाई, मी धावलो नाही. मी हाक मारली. वर्षभर तिला शिकवणारा मी, जागच्या जागी उभा राहून तिला हाक मारत होतो, आणि ती वळली नाही म्हणून आणखी मोठ्याने ओरडत होतो. गाडीवानाने कासरे ओढले. "बैरी हाय काय गो तू?" तो खेकसला. चाक तिच्या टाचेला घासून गेलं. मी माझा रुमाल बांधला, आणि तुम्हाला सांगितलं की ती खडकावर घसरली.

दुसऱ्या दिवशी ती लंगडत आली आणि तुमच्यापुढे उभी राहिली. तुमच्या वर्गात हात मांडीवर ठेवायची सक्त शिस्त होती. बोलायचं ते तोंडाने, खाणाखुणा बंद. तुम्हाला तीच पद्धत शिकवलेली, आणि खूण करणारे हात तुम्ही किती वेळा खाली दाबलेले मी पाहिले होते. तिने डोक्याला दोन बोटं लावून शिंगं केली. मनगट फिरवून चाक केलं. मग छाती फुगवली, एक हात उंच उगारला आणि पाय रोवून, जागचं न हलता, तोंड हे एवढं उघडलं आणि मिटलं, उघडलं आणि मिटलं. तो मी होतो. इतका हुबेहूब मी, की बाकीची मुलं हसायला लागली. तुम्ही तिचे हात खाली दाबले नाहीत. तुम्ही तुमचा हात फिरवून तिला खूण केलीत, पुन्हा दाखव. तिने पुन्हा दाखवलं. मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

शाळा सुटल्यावर तुम्ही अहवाल लिहिलात. मी खिडकीबाहेर बघत होतो, तर म्हणालात, "मास्तर, तोंड इकडे," आणि वाचलंत. भाषणांबद्दल आक्षेप नाही. बैलगाडीचा प्रकार घडला. शिक्षकाने मला खोटं सांगितलं. शिकण्याची कुवत आहे, म्हणून सहा महिन्यांची सनद द्यावी. मात्र दुसरा शिक्षक सोबत असल्याशिवाय वर्ग त्याच्या हाती देऊ नये.

"बाई, एवढा गाडीचा मजकूर गाळा. कुणाला कळणार आहे?"

"तेच तर," तुम्ही म्हणालात, आणि पाकीट चिकटवलंत.

सनद आली. सहा महिन्यांची, अटीसकट. मी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि रविवारच्या सभेत सांगितलं की मिठागरावर बोललो म्हणून सरकारने माझी सनद काढून घेतली. टाळ्या थांबेनात. तुमच्या कानावर गेलंच असणार. तुम्ही कधी खोडून काढलं नाहीत, कुणाजवळही. त्या गप्प बसण्याचा मला तुमच्या अहवालापेक्षा जास्त राग आला.

गेल्या महिन्यात अलिबागला एका शाळेच्या कार्यक्रमात माझी ओळख करून दिली: पोलिसी चौकशीने ज्यांचा वर्ग हिरावून घेतला ते. मी खाली मान घातली. लोकांना तो विनय वाटला. मला कुणी काढलं नव्हतं, बाई. शेजारी बसून कुणीतरी माझ्याकडे बघत राहणार, हे मला सहा महिनेसुद्धा सोसवलं नसतं. पुढच्या सभेत हे उभं राहून सांगायचं ठरवून लिहायला बसलो होतो. सांगणार नाही, हे तुम्हाला लिहिता लिहिता मला कळलं.