रहबाम परत फिरला

प्रिय धाकट्या,

एकाच घरात वर-खाली राहतो आपण, तरी लिहितेय. समोर बसलो की तू चर्चचा पाळक होतोस आणि मी मंडळीतली कुणीतरी बाई. तसं बोलायचं त्राण आता माझ्यात उरलं नाही.

आज सकाळी रविवारच्या वर्गातल्या मुलांना बायबलमधली राजांची गोष्ट सांगितली. शलमोन गेला, मुलगा रहबाम गादीवर बसला. लोक म्हणाले, ओझं थोडं हलकं कर. वडीलधाऱ्यांनी सुचवलं, आज त्यांच्याशी गोड बोल, जन्मभर तुझे राहतील. त्याला ते पटलं नाही. बरोबरीच्या मित्रांचं ऐकून म्हणाला, बापाने चाबूक वापरला, मी विंचू वापरीन. इस्राएलच्या बारा वंशांतले दहा उठून गेले. इथवर आले आणि तूच डोळ्यांसमोर आलास; नाकाला रुमाल लावला. मुलांना वाटलं, सर्दी झाली.

पप्पा गेल्यावर त्यांच्या जागी तू पाळक झालास, तेव्हा कंपाउंडरकाका तुझ्याकडे आले होते, शिवणवर्ग घेणाऱ्या बाईसाठी. नवरा मारायचा म्हणून तिने घर सोडलं, आणि तू तिला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस देणं बंद केलंस. आधी नवऱ्याकडे परत जा म्हणालास. काका म्हणाले, "जरा नरमाईनं घ्या, साहेब." तू म्हणालास, "पप्पांनी लाड केले, मी शिस्त लावणार." अरे, तिच्या ओठाला टाके पडले तेव्हा पप्पाच दवाखान्याच्या बाकावर बसून होते. तू तेव्हा बाहेर शिकत होतास. पुढच्या रविवारी अर्धं देऊळ रिकामं. झाडणारी मावशी म्हणते, बरं झालं, काम हलकं झालं. हसावं की रडावं, कळेना.

दोन्हीकडची माणसं माझ्याच स्वयंपाकघरात येऊन गाऱ्हाणी सांगतात. चहा करून करून मी दमले. उठून गेलेले तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत? शिवणवर्गाच्या खोलीत प्रार्थनेला जमतात, आणि त्यांच्यातला गॅरेजवाला आत्ताच संदेष्ट्याच्या थाटात बोलायला लागलाय. त्या दहा वंशांनीही पुढे सोन्याची वासरं पुजलीच. निघून गेलं म्हणून कुणी पवित्र होत नाही, आणि गादीवर बसलं म्हणूनही नाही.

पण एक गोष्ट तू प्रवचनात कधी सांगत नाहीस. रहबामाने त्यांच्यावर चालून जायला सैन्य जमवलं होतं. मग देवाचा निरोप आला, भाऊबंदांशी लढू नका, घरी जा. आणि तो हट्टी माणूस खरंच परत फिरला. त्याचं तेवढंच मला आवडतं.

उद्या तू वकिलाकडे जाणार आहेस, त्या खोलीतली प्रार्थना बंद पाडायला. तुझ्या बायकोने रडत सांगितलं. जाऊ नकोस, एवढंच सांगायला लिहायला बसले होते. आता आणखी एक सांगते. येत्या रविवारी ऑर्गनवर माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी बसव. मी त्या खोलीत असेन, शिवणवर्गाच्या बाईशेजारी. दुपारी मात्र नेहमीसारखी खाली जेवायला येईन. माझं ताट मांडायचं की नाही, ते तू ठरव.

काही झालं तरी तुझीच,
ताई