राखाडी बाही

१० एप्रिल २०२४
सही केली. झिंक प्रायमर, बॅच सात – पास. माझ्या फॉर्म्युल्याची पहिली मोठी ऑर्डर: तेलगावकडच्या साखर कारखान्याची मळीची टाकी. प्रायमर लावून वाळवलेलं नमुन्याचं पॅनल सॉल्व्हंटच्या कापडानं पन्नास वेळा घासलं. कापड स्वच्छ, म्हणजे रंग पक्का धरला. तरी तीनदा घासलं. मालक विलासशेठ म्हणाले, "मॅडम, पत्र्याचं कातडं काढता का आता?"
टाकी रंगवणार बाबा. बरं वाटलं. भीतीही वाटली.

१२ एप्रिल
बाबांनी प्रायमरचा हात मारला. एकोणीसला वरचा रंग.

१४ एप्रिल, जयंती
सकाळपासून सगळे पांढऱ्या कपड्यांत. मिरवणुकीआधी बाबा टाकी बघून आले – उजवी बाही राखाडी! आई ओरडली, "जयंतीला बी टाकी सुटत न्हाई का तुमची?"
मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "यशू, दोन दिस झाले. अजून हाताला लागतंय गं."
लागायला नको! जस्त आधी स्वतः झिजतं, म्हणून लोखंड वाचतं. पण जस्ताची पूड घट्ट धरलीच नाही, तर वरचा रंग पापुद्र्यानं सुटेल.
मिरवणुकीत चालत होते. डोळे त्या बाहीवर.

१५ एप्रिल
शेठना टाकीचं सांगितलं. त्यांच्यासमोर पॅनल पुन्हा घासलं. स्वच्छ!
"बघ, माल चांगला हाय. तुझ्या बापानं थिनर वतलं आसंल. लई सवय आसती पेंटर लोकांना. त्याच्याकडनं काम काढून घ्यावं लागंल."
बाबा आणि जास्तीचं थिनर! ते साइटवरून साइटवर फिरायचे, म्हणून दुसरीपर्यंत मला शाळा नव्हती. त्यांनीच डब्याच्या झाकणांवर ब्रशनं अक्षरं गिरवून घेतली. मापंही त्यांनीच शिकवली. "थेंबाची बी लबाडी न्हाई करायची."
हे शेठना सांगायला हवं होतं. गप्प बसले. का?

१६ एप्रिल
दुपारी लाईट गेली. कूलर बंद. पाच मिनिटांत घसा कोरडा. पाणी प्यायला उठले आणि तशीच उभी राहिले –
माझी सगळी पॅनलं कूलरसमोरच्या फळीवर वाळतात!
हा प्रायमर हवेतल्या ओलाव्यावर पक्का होतो. पाठ आहे मला. माझ्या खोलीत कूलरची ओली हवा, टाकीवर एप्रिलचं कोरडं ऊन. आणि रिपोर्टात आर्द्रतेच्या रकान्यात मी लिहिलंय – 'सामान्य'. मोजलीच नव्हती.
ताजं पॅनल रंगवून बाहेर पत्र्याच्या शेडखाली ठेवलं.

१७ एप्रिल
घासलं. सहाव्यांदाच कापड राखाडी.
संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. वरचा रंग थांबवायचा, पाणी मारून टाकी दोन दिवस ओली ठेवायची – धरेल. नंतर पुन्हा घासून बघायचं. पण चूक माझी, सही माझी. उद्या शेठना लिहून देणार.
बाबा नखातला रंग काढत बसले.
"नोकरी जाईल ना गं?"
"जाऊ द्या."
"आत्ता कुठं लागली." मग – "पाणी किती दिस मारायचं म्हणलीस?"
"दोन."
त्यांनी मान हलवली.
माझा कागद लिहिला. तीनदा वाचला.

१८ एप्रिल
शेठ खुशीत. "मिटलं की! तुझे वडील सकाळीच येऊन गेले. पाणी बी मारायला घेतलं त्यांनी." टेबलावर कागद होता. 'थिनर मीच जास्त घातले. बॅचमध्ये दोष नाही. – माणिकराव.' 'र'ची शेपटी लांब, ब्रशनं ओढल्यासारखी. माझीही तशीच येते.
माझा कागद त्याच्यावर ठेवला.