खुंट जागा, काडी झोपलेली

१२ ऑक्टोबर २००८, रविवार

ब्रोशर छापून आलं. पहिल्याच पानावर आपलं काचघर, आत सफरचंदाची झाडं, फांद्यांवर बर्फ, आणि त्याच फांद्यांना लालबुंद फळं. एकाच वेळी!

देवधर सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, फळ असतं तेव्हा बर्फ नसतो, बर्फ असतो तेव्हा फळ नसतं. म्हणाले, "अगं सुमेधा, हे घरं विकायचं प्रोजेक्ट आहे, शेतकी कॉलेज नाही. गिऱ्हाइकाला सफरचंद म्हटलं की बर्फच दिसतो." वर पुन्हा, "आम्हीही महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी बघितली आहे." स्ट्रॉबेरीचा काय संबंध? (यापुढे इथे नुसतं दे. लिहीन. पूर्ण नाव लिहिताना पेनाने कागद फाटतो.)

इथल्या आखाती वाळवंटात काचघर बांधून त्यात थंडी करायची, ही कल्पना माझी नव्हे. पण हॉलंडच्या रोपवाटिकेत उभी राहून साठ झाडं मी निवडली. तिथल्या म्हाताऱ्या मालकाने विचारलं होतं, तिकडे यांच्याकडे बघणार कोण? मी म्हटलं, मी. त्या एका शब्दावर त्याने झाडं उपटली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काचघर थंड करणारा चिलर एकदाचा सुरू होऊन दोन आठवडे झाले. आता एकेक अंश खाली. मंदीने सेल्सचा अख्खा मजला रिकामा झालाय, काल होते ते आज नाहीत, टेबलावर कुणाचा तरी कॉफीचा मग तसाच. लिफ्टमध्ये सगळे आपापल्या मोबाइलकडे बघतात.

पानं पिवळी होऊन गळायला लागली. मला इतका आनंद झाला की शशिकांतला हाका मारून दाखवली. शशिकांत म्हणजे आमचा चिलर मेकॅनिक, संगमेश्वरचा. म्हणाला, "मॅडम, झाड बोडकं झालं नि तुम्ही हसताय?"

दे. मात्र धावत आले. "मेली की काय?"
"झोपली, सर."
"कधी उठणार?"
"दोन-अडीच महिने थंडीत नीट झोपली तर उठतील. झोप मोडली तर धड फुटणार नाहीत."
"सोळा डिसेंबरला बँकेची माणसं येतायत. त्यांना काय झोपलेलं दाखवू?"

हो. झोपलेलं दाखवा. खरं आहे ते.

१४ डिसेंबर, रवि.

दे.नी सुपरमार्केटातून पेट्या भरून सफरचंदं मागवली आणि हिरवी तार. फांद्यांना बांधायची. बोडक्या फांद्यांना! मी म्हटलं मी हे करणार नाही. म्हणाले, "तुला कोण सांगतंय? तू फक्त बाजूला हसत उभी राहा."

बाजूला हसत उभी राहा.

पाचवीपर्यंत मी शाळेत गेले नाही. बाबांची नोकरी शिमल्याच्या वर फळ संशोधन केंद्रात, शाळा खाली, रस्ता बर्फाने बंद. आईने वाचायला शिकवलं, बाबांनी गणित आणि कलम बांधायला. घरी शिकल्याचा हा तोटा. खोटं बोलायचा सराव वर्गात होतो म्हणतात, माझा तो राहूनच गेला.

१६ डिसें.

आले नि गेले. दोघे होते, आत थंडी म्हणून उसनी जाकिटं घालून. शशिकांतच्या माणसांनी घाईत काही फळांवरचे स्टिकर तसेच ठेवले होते. एकाने नेमकं तेच फळ हातात धरलं, स्टिकर वाचला, सोडून दिलं. मी कालपासून मनात वाक्य घोकत होते: "हे फळ या झाडाचं नाही." कुणी विचारलंच नाही! त्यांचा प्रश्न एकच, चिलरला वीज किती लागते.

संध्याकाळी सगळ्यांनी फळं वाटून घेतली. शशिकांतने मलाही मोठी पिशवी दिली. "घ्या, तुमच्याच झाडाची आहेत," म्हणून हसला. मी चिडले, मग आत्याकडे नेऊन दिली. टाकून देणं तरी बरोबर का?

१८ डिसें.

तारा काढायला कुणी फिरकलं नाही. मी एकटी काढतेय. कितीतरी ठिकाणी तार सालीत रुतलीय. दे. येऊन बघून गेले, म्हणाले "राहू दे ना, पुढच्या व्हिजिटला लागतील."

७ जानेवारी २००९, बुधवार

चिलर उद्यापासून बंद. पाणीसुद्धा, कारण पंप त्याच मीटरवर. बँकेने हात वर केलेत.

झोप अजून पुरी झालेली नाही. मी दे.ना म्हटलं, फक्त महिनाभर चालू ठेवा. महिनाभर! ते खुर्चीत मागे टेकले. "माझ्याकडे काय बघतेस? माझी स्वतःची खुर्ची डळमळतेय. बायकोला अजून सांगितलं नाही मी." एवढं बोलून पुन्हा काँप्युटरकडे वळले. एक क्षण वाईट वाटलं. मग ब्रोशर दिसलं, भिंतीवर अजून लावलेलंच.

मी विचारलं, छाटणीच्या काड्या नेऊ का? आणि काडी ज्यावर बांधतात त्या, कलमासाठी आणलेल्या खुंटांच्या कुंड्या?
"काड्या म्हणजे कचराच ना? ने. आणि ती बोटाएवढी झाडं? तीही ने."
नक्की ना, सर?
"ने गं!"
कंपनीची वस्तू आहे म्हणून विचारते.
"स्टँपपेपरवर लिहून देऊ का आता?"

९ जाने., शुक्रवार

सुट्टी असून साइटवर. प्रत्येक झाडाच्या गेल्या वर्षीच्या वाढीतून पेन्सिलीएवढ्या जाड काड्या कापल्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वर प्लास्टिक. साठ झाडांच्या साठ गड्ड्या. हेच एक राहिलं माझ्या हातात. झाड गेलं तरी त्याची काडी दुसऱ्याच्या मुळांवर तेच झाड होते.

बाबांना फोन. म्हणाले, "आता दोन गोष्टी लक्षात ठेव. कलम बांधशील तेव्हा खुंट जागा हवा आणि काडी झोपलेली. तोवर काडी थंडीत, आणि पिकल्या फळांपासून लांब." हे मला सातव्या वर्षापासून माहीत आहे. पिकलेलं सफरचंद एक वायू सोडतं, वास नाही, रंग नाही, बंद जागेत त्याने काडीवरचे झोपलेले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, आतल्या आत मरतात.

मनखूलला आत्याकडे आले, फ्रिज उघडला. खालचे दोन्ही कप्पे बँकवाल्यांच्या सफरचंदांनी गच्च. तीन आठवडे झाले, संपत नाहीत.

आत्या म्हणाली, "मग काय मी फळं फेकून देऊ? चांगली चार दिरहम किलोची, म्हणजे पन्नासएक रुपये. काड्यांसाठी?"
सानिका, आत्याची मुलगी, मान वर न करता: "ताई, दे आर जस्ट स्टिक्स."
आत्या: "एवढा जीव स्थळं बघण्यात लाव."

शेवटी शशिकांतच कामी आला. त्याचा चुलतभाऊ कुसैसच्या एका कोल्ड स्टोअरमध्ये लोडर आहे. गाजरांच्या खोलीत कोपरा मिळाला. गाजर चालेल. मी स्वतः जाऊन गड्ड्या ठेवल्या, तीनदा बजावलं.

खुंटांच्या कुंड्या आत्याच्या बाल्कनीत. शशिकांतने कंपनीच्या पिकअपमधून आणल्या. मी त्याला पेट्रोलचे पैसे देऊ लागले तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही पण ना! कंपनीला तीन महिने पगार थकवायची लाज नाही आणि तुम्हाला पेट्रोलची."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

खुंट जागे झालेत, रस चढलाय, साल सुटायला लागलीय. म्हणून काड्या आणायला कुसैसला गेले.

गाजरांच्या खोलीत गड्ड्या नाहीत.

चुलतभाऊ हसतमुख. "मॅडम, त्या आत नेल्या. गाजरांत परक्यासारख्या पडल्या होत्या. सफरचंदाच्या काड्या, म्हटलं सफरचंदांतच ठेवूया. आपल्या माणसांत."

सफरचंदांच्या खोलीत. पेट्यांच्या भिंती छतापर्यंत, मागणी नाही म्हणून माल पडून, दार उघडताच तोंडावर गोड उग्र वास. माझ्या गड्ड्या मधोमध, नीट, वर एक गोणपाट पांघरलेलं. त्याने पांघरलेलं.

मी ओरडले. सगळ्या लोडरांसमोर. त्याला कळेना की मी का ओरडतेय. कधी हलवल्या? "झाले असतील काही दिवस. गाजराचा माल आला तेव्हा." काही दिवस म्हणजे किती? "आता ते कसं सांगू?"

शशिकांत मध्ये पडला. "मॅडम, त्याने चांगल्यासाठीच केलं." माहीत आहे! त्याचाच तर राग येतो. दे.वर ओरडायचं सोडून मी कुणावर ओरडले? आणि तरीही, मी तीनदा बजावलं होतं.

१३ फेब्रु., शुक्र.

सकाळपासून काड्या तपासतेय. नखाने साल खरवडून बघितली. आत हिरवी आहे, सगळ्यांची. पण डोळ्यांचं कळत नाही. काडी हिरवी आणि डोळा मेलेला असू शकतो. चाकूने काही डोळे उभे चिरून बघितले, काही आत हिरवे, काही तपकिरी. चिरला की तो डोळा गेलाच. म्हणजे बघायचं तर मारायला हवं. थांबले.

बाबा म्हणाले, "सगळं बांधून टाक. झाड सांगेल." इतके शांत कसे राहतात ते? मला बाबांचाही राग आला.

२० फेब्रु., शुक्र.

बाल्कनीत कलमं बांधली. खुंटाला आणि काडीला तिरका काप, त्यात खाच, जीभ जिभेत. हात अजून विसरले नाहीत. खुंट वीसच, त्यामुळे वीस झाडांच्याच काड्या लागल्या. उरलेल्या चाळीसांचं काय? कुठली वीस निवडायची हे ठरवताना सारखं वाटत होतं हॉलंडच्या त्या म्हाताऱ्याला विचारावं. बाकीच्या गड्ड्या आत्याच्या फ्रिजमध्ये. सफरचंदं संपली एकदाची, आत्याने मुरंबा केला.

आत्या दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "दादाचा हात आहे तुझ्यात." मग लगेच, "पण बाल्कनीत कपडे कुठे वाळत घालू?"

८ मार्च, रवि.

नोकरी गेली. एचआरच्या मुलीने माझ्याकडे न बघता सांगितलं. व्हिसा रद्द झाला की देश सोडायला तीस दिवस.

काचघरात शेवटचं जाऊन आले. आत भट्टी. झाडांनी वेड्यासारखी फुटायची धडपड केली होती, नुसती टोकाला दोन-चार पानं, खाली सगळ्या फांद्या उघड्या. आता तीही करपलीत. एका झाडाच्या फांदीवर तार राहिली होती माझ्या नजरेतून सुटलेली. काढली. कशाला काढली कोण जाणे.

कलमांचं अजून काही नाही. शशिकांत म्हणाला, रास अल खैमाच्या डोंगरात एका म्हाताऱ्या अरबाची वाडी आहे, तो तिथले पंप दुरुस्त करायला जायचा. अंजीर, डाळिंब, बदाम. हिवाळ्यात तिथे पहाटे हाडं गोठतात म्हणे. "मी बोललो त्यांच्याशी. घेतो म्हणाले."

फळाची हमी देऊ नकोस, म्हटलं. "त्यांनी मागितलीच नाही."

२२ मार्च, रवि.

दे.चा फोन. इतक्या गोड आवाजात की आधी ओळखलाच नाही.

"सुमेधा, गुड न्यूज. नवीन इन्व्हेस्टर आलाय. त्याला बाग हवी. ती तुझी कलमं आहेत ना, ओरिजिनल झाडांची? त्यांची किंमत आहे आता. परत आण, मी तुझा व्हिसा पुन्हा करून देतो. पगारसुद्धा, इन्शाल्ला."
"सर, तुम्ही कचरा म्हणाला होता."
"अगं, तेव्हा कचराच होता."

विचारलं, उन्हाळ्यात बर्फासारखी थंडी न ठेवता नुसता गारवा ठेवाल? झाडांना ऊन लागतं, पाणी लागतं, हिवाळ्यात महिनोन्‌महिने बोडकी राहू द्यावी लागतात. तार बांधायची नाही. म्हणाले, "बघू ना. ब्रोशर तेच राहील, ते छापलेलं आहे."

ब्रोशर तेच राहील!

दिवसभर भांडी आपटली. आत्या म्हणते, "नोकरी मिळतेय तर दे ना, काड्याच आहेत." काका, आत्याचे यजमान, म्हणाले, या दिवसांत व्हिसा म्हणजे चेष्टा नाही. खरं आहे. परत जाऊन काय करणार? आणि कंपनीच्याच झाडांच्या काड्या त्या. विचारून आणल्या, तीनदा विचारून. पण देणाऱ्याला काय देतोय ते कळत नव्हतं, मला कळत होतं. मग ते घेणं झालं की उचलणं? हे कुणाला विचारू? ज्याला विचारावं तो हसेल.

२४ मार्च, मंगळ.

सकाळी पाणी घालायला गेले तर कोपऱ्यातल्या कुंडीत, वरचा डोळा फुटलाय. राखाडी खवल्यातून हिरवं टोक. मग दुसऱ्या कुंडीत. मग आणखी दोन. खाली बसले तिथेच.

बाबांना फोन केला. खूष झाले, पण लगेच म्हणाले, "डोळा फुटला म्हणजे कलम धरलं असं नव्हे. काडीत साठा असतो, त्यावर पानं येतात. साठा संपला आणि खालून रस आला नाही की सुकतं. नीट वाढायला लागेतो कुणाला काही सांगू नये."

दुपारी दे. "काय गं, जगली का? इन्व्हेस्टर गुरुवारी बघायला येतोय. हो की नाही, एवढंच सांग."

बाल्कनीच्या दारात उभी होते. हिरवी टोकं समोर.

"अजून सांगता येत नाही, सर," म्हटलं.

खोटं नाही ते. बाबांनी सांगितलेलं अक्षरशः तेच. तरी फोन ठेवल्यावर कान गरम झाले होते.

मग शशिकांतला फोन करून विचारलं, वाडीवाल्यांची गाडी लवकरात लवकर कधी येऊ शकेल.

"उद्या बोलवू का मॅडम? पण तुमचा व्हिसा?"

थांब, म्हटलं. पाच मिनिटांत सांगते.

अजून सांगितलेलं नाही.